फळ सोडू नका, वेग सांभाळा

मधुमेहाचं निदान झालं की घरात पहिली शिक्षा फळांना होते. चहातली साखर एका चमच्यावर येते, पण चहासोबतची खारी आणि टोस्ट तसेच राहतात. भात थोडा कमी वाढला जातो. केळं, आंबा, चिकू, सीताफळ आणि द्राक्षं मात्र घरातून हद्दपार होतात. फळ गोड असतं, गोड म्हणजे साखर, साखर म्हणजे मधुमेह, असा हा सरळ हिशेब. सरळ असला तरी तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लाखो माणसं आपल्या आहारातला एक उत्तम पदार्थ सोडून देतात आणि त्याच्या जागी बिस्किटं खातात.

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. सडपातळ माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून चरबीदार ही आपल्याकडची शरीरठेवण आहे, आणि म्हणूनच दोन जेवणांच्या मधे आपण काय तोंडात टाकतो याला आपल्याकडे जास्त महत्त्व आहे.

फळात साखर आहे की नाही, हा या प्रकरणातला प्रश्न नाही. ती आहेच. ती रक्तात किती वेगाने पोचते, हे पाहायचं आहे. हा वेग आपल्या हातात असतो. तो कमी करण्याचं एक चांगलं साधन बहुतेक घरांत रोज रात्री विरजलं जातं.

रक्तात साखर असते तरी किती?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली, तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. आता एक मध्यम केळं सोलून खाल्लं, तर त्यातून पिष्ट आणि साखर मिळून साधारण वीस ग्रॅम माल आतड्यात उतरतो. संपूर्ण रक्तात जेवढं ग्लुकोज आहे, त्याच्या चौपट. तरीही निरोगी माणसाची साखर चौपट होत नाही. आतड्यातून ग्लुकोज हळूहळू येतं, त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, स्नायू आणि यकृत ते उचलून घेतात. आवक आणि उचल यांचा मेळ बसला, तर रक्तातली पातळी थोडी चढते आणि दोन तासांत खाली येते.

मधुमेहात आणि पूर्वमधुमेहात उचल मंदावते. इन्सुलिन उशिरा येतं, अपुरं पडतं किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. औषधं आणि चालण्याचा व्यायाम ही उचल सुधारतात. आहाराने आपण आवक सांभाळायची. आवक सांभाळण्याचे मार्ग दोनच: एका वेळी माल कमी पाठवायचा आणि तो सावकाश पाठवायचा.

सावकाशीची मुख्य चावी जठराच्या तळाशी असलेल्या झडपेत आहे. धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे जसं खालच्या नदीची धाव पाहून ठरतं, तसं ही झडप लहान आतड्याकडून येणाऱ्या संदेशांनुसार अन्न थोडं थोडं पुढे सोडते. पातळ, गोड आणि गाळलेला पदार्थ भराभर निघून जातो. तंतू, प्रथिनं आणि स्निग्धांश असलेलं घट्ट अन्न अडतं, घुसळलं जातं, सावकाश सुटतं. दोन माणसांच्या जेवणानंतरच्या साखरेत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग केवळ जठर रिकामं होण्याच्या वेगातून येतो, असं अभ्यासांत आढळलं आहे.

चावलेलं फळ आणि प्यायलेलं फळ

फळात मुख्यतः तीन साखरा असतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि या दोघांच्या जोडीतून बनलेली सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातली साखर. यांतलं ग्लुकोज थेट रक्तातली पातळी चढवतं. फ्रुक्टोज आधी यकृताकडे जातं, त्यामुळे ग्लुकोमीटरवर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. पण थंड पेयांतून आणि मिठायांतून ते सतत भरपूर आलं, तर यकृतात चरबी साठायला हातभार लावतं. अख्ख्या फळातून येणारं फ्रुक्टोज मात्र थोडं असतं आणि सावकाश येतं, कारण फळातली साखर मोकळी नसते. ती पेशींच्या भिंतींच्या आत कोंडलेली असते, आणि त्या भिंती पेक्टिन व सेल्युलोजच्या, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो त्याच्या बनलेल्या असतात.

या भिंती मोडल्या की काय होतं, याचा एक सुंदर प्रयोग इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे झाला आणि १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. तिन्हींत साखर सारखीच होती. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरा पट वेगाने पोटात गेला, लगद्याच्या चौपट वेगाने. अख्ख्या फळाने पोट सर्वांत जास्त भरलं, रसाने सर्वांत कमी. तिन्ही वेळा साखर चढली जवळपास सारखीच. रसानंतर इन्सुलिन मात्र जास्त उसळलं, आणि त्यामागोमाग रक्तातली साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली घसरली. अशी घसरण झाली की थोड्याच वेळात पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. ज्यूस पिऊन तासाभरात वडापावची आठवण होणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

मोठ्या लोकसंख्येवरच्या अभ्यासांतूनही हेच चित्र दिसतं. अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून अधिक परिचारिका आणि आरोग्यसेवकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करून २०१३ मध्ये एक विश्लेषण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद ही फळं अख्खी खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ताजं फळ खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचा धोका १२ टक्के कमी होता. ज्यांना आधीपासूनच मधुमेह होता, त्यांच्यातही आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस फळ खाणाऱ्यांत मृत्यूचं आणि डोळे-मूत्रपिंडांसारख्या अवयवांच्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी आढळलं. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण फळं खाणारी माणसं इतर बाबतींतही काळजी घेणारी असू शकतात. पण फळांमुळे मधुमेह बळावतो ही भीती खरी असती, तर एवढ्या माणसांत ती कुठेतरी दिसली असती. ती दिसली नाही.

मिक्सरमध्ये फिरवलेल्या फळाबद्दल अभ्यास एकमताचे नाहीत. चोथ्यासकट फिरवलेलं फळ गाळलेल्या रसापेक्षा निश्चित बरं. पण पेल्यात तीन फळं, दूध, मध आणि वर आइस्क्रीम असं घेतलं, तर प्रश्न मिक्सरचा उरत नाही, प्रमाणाचा होतो. ज्याला दात आहेत, त्याने फळ चावून खावं.

ग्लायसेमिक इंडेक्स: उपयोग आणि मर्यादा

टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना मांडली. एखाद्या पदार्थातून ठरावीक प्रमाणात, बहुधा ५० ग्रॅम, कर्बोदकं द्यायची आणि त्यानंतर दोन तासांत साखर किती चढते ते तेवढ्याच ग्लुकोजशी ताडून पाहायचं. ग्लुकोजला १०० गुण. ५५ किंवा त्याहून कमी म्हणजे कमी इंडेक्स, ७० आणि वर म्हणजे जास्त. सफरचंद चाळिशीच्या आत येतं, संत्रं चाळिशीच्या आसपास, बेताचं पिकलेलं केळं आणि आंबा पन्नाशीच्या आसपास. कलिंगड मात्र जुन्या तक्त्यांत ७० च्या वर दिसतं, आणि तेवढ्यावरून पुष्कळांनी ते सोडून दिलं आहे.

इथे मापाचा घोळ समजून घ्यायला हवा. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. १०० ग्रॅम गरात कर्बोदकं साडेसात ग्रॅम. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी साडेसहाशे ग्रॅमांहून जास्त गर एका बैठकीत खावा लागेल. आपण दोन फोडी खातो. म्हणून पुढे प्रमाणही हिशेबात घेणारं ग्लायसेमिक लोड हे माप आलं: इंडेक्सला त्या वेळी खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचं आणि शंभराने भागायचं. दहापर्यंत कमी, विसापासून पुढे जास्त. कलिंगडाची एक वाटी यात पाच-सहाच्या आसपास बसते. म्हणजे ते चालेल, पण अर्धं कलिंगड कापून चमच्याने खाणं चालणार नाही.

आपल्या बाजारातल्या फळांची साखर ढोबळमानाने सांगतो. आकडे १०० ग्रॅम गराचे आहेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सर्वांत सौम्य: साखर पाच ग्रॅम, तंतू दोन. पपईत साखर आठ. पेरूत साखर नऊ आणि तंतू पाच ग्रॅमांहून जास्त. साखर आणि तंतू यांचं इतकं चांगलं प्रमाण आपल्या हाताशी असलेल्या फार थोड्या फळांत आहे. संत्र्यात साखर साडेनऊ, सफरचंदात दहा. डाळिंबात चौदाच्या जवळ, पण दाण्यांसोबत चार ग्रॅम तंतू येतात. आंब्यात चौदाच्या आसपास आणि तंतू बेताचे. ताज्या अंजिरात सोळा, द्राक्षांत पंधरा-सोळा, आणि द्राक्षांत तंतू एक ग्रॅमच. चिकू आणि सीताफळ यांच्यात प्रत्येकी सगळी कर्बोदकं मिळून वीस ग्रॅमांच्या पुढे जातात. म्हणून पेरू अख्खा, सफरचंद एक लहान, आंबा अर्धा, द्राक्षं दहा-बारा, चिकू एक लहान आणि सीताफळ अर्धं, असं माप ठेवलं तर कोणतंही फळ वर्ज्य करावं लागत नाही.

पिकण्याचाही फरक पडतो. कच्च्या केळ्यात पिष्ट भरपूर असतं आणि त्यातला काही भाग आतड्यात पचतच नाही. केळं पिकत जातं तसं ते पिष्ट साखरेत बदलतं. सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं गोड लागतं ते यामुळेच. ज्याला साखर सांभाळायची आहे, त्याने पिवळं पण घट्ट केळं घ्यावं आणि अर्धं खावं. वाळवलेल्या फळांचं गणित पाण्यावर आहे. द्राक्षातलं पाणी गेलं की मनुका होतो, आणि मूठभर मनुकांत अख्ख्या घोसाची साखर येते. खजुराचंही तेच. ‘नैसर्गिक गोडवा’ म्हणून खजूर वाटून केलेले लाडू हे शेवटी साखरेचे लाडू आहेत.

दही काय करतं?

दुधात लॅक्टोज ही साखर असते. विरजण लावलं की लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकोकस या जातींचे जिवाणू तिच्यातला काही भाग खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. त्या आम्लाने दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं आणि दही लागतं. म्हणून घरच्या दह्यात साखर दुधापेक्षा थोडी कमी, १०० ग्रॅममध्ये चारच्या आसपास असते. प्रथिनं साडेतीन ग्रॅम, म्हशीच्या दुधाचं दही असेल तर थोडी जास्त. साध्या, बिनसाखरेच्या दह्याच्या ग्लायसेमिक इंडेक्सची सरासरी तिसाच्या आत येते.

फळासोबत हे दही तीन कामं करतं. पहिलं, त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. आंबटपणाचाही त्याला हातभार लागतो. दुसरं, दुधातली प्रथिनं, विशेषतः निवळीत उतरणारी व्हे प्रथिनं, आतड्यातल्या पेशींना जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं सोडायला लावतात. ही संप्रेरकं स्वादुपिंडाला साखर येत असल्याची आगाऊ वर्दी देतात, आणि इन्सुलिन वेळेवर येतं. मधुमेह आणि लठ्ठपणावर आज गाजणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. वाटीभर दह्याचा परिणाम औषधाइतका मोठा नसतो, पण वाट तीच आहे. तिसरं काम सर्वांत साधं आहे: दह्याने पोट भरतं, त्यामुळे दुसरं केळं लागत नाही.

खाण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, भाज्या आणि चिकन नंतर. दुसऱ्यांदा भाज्या आणि चिकन आधी, ब्रेड आणि रस नंतर. अन्न तेच, पण दुसऱ्या क्रमात तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्के कमी होती. रुग्ण थोडे होते, तरी तत्त्व इतर अभ्यासांतही टिकलं आहे: प्रथिनं आणि तंतू आधी, गोड आणि पिष्टमय नंतर. आपल्यापुरतं याचं भाषांतर सोपं आहे. आधी दोन-चार चमचे दही खावं, मग फळ. किंवा दोन्ही कालवून खावं. आधी ज्यूस आणि मागून दही हा क्रम टाळावा.

दही स्वतः मधुमेहापासून वाचवतं का? २०१४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अनेक दीर्घ अभ्यास एकत्र केले, तेव्हा रोज एक वाटीच्या आसपास दही खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह १८ टक्के कमी आढळला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, आठवड्याला किमान दोन कप दही खाल्ल्याने टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं डब्यावर छापायला परवानगी दिली. पण पुरावा मर्यादित आहे हेही त्याच वाक्यात लिहिण्याची अट घातली. ही अट रास्त आहे. दही म्हणजे औषध नव्हे. बिस्किटाच्या जागी आलेलं दही मात्र नक्कीच फायद्याचं.

हे सगळं साध्या दह्याबद्दल झालं. दुकानातल्या फ्रूट योगर्टच्या लहान कपात फळ नावापुरतं आणि साखर बरीच असते. पाकिटाच्या मागे ‘अ‍ॅडेड शुगर’ या ओळीत १०० ग्रॅमला किती ग्रॅम लिहिलं आहे ते वाचावं आणि चारने भागावं. तेवढे चमचे साखर त्यात वरून घातलेली आहे. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालायची घरोघरची रीत आहे. म्हणजे १०० ग्रॅम श्रीखंडात चाळीस-पन्नास ग्रॅम साखर येते, आणि दह्याची कोणतीही प्रथिनं एवढ्या मालाला आवर घालू शकत नाहीत. श्रीखंड पाडव्याला चमचाभर खावं. रोज खायला त्यातला चक्का घ्यावा. दही पंच्यात टांगलं की निवळीबरोबर लॅक्टोज वाहून जातं आणि मागे उरलेल्या चक्क्यात प्रथिनं दुपटीहून जास्त दाट होतात. परदेशात ग्रीक योगर्ट म्हणून महाग विकला जाणारा पदार्थ या चक्क्याचाच भाऊ आहे.

पेरूची कोशिंबीर

फळ आणि दही एकत्र खाण्यासाठी मराठी माणसाला कुठल्याही परक्या पाककृतीची गरज नाही. पेरूची कोशिंबीर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि रक्तातली साखर सांभाळण्यासाठी ठरवून केली असती तरी ती याहून चांगली झाली नसती.

एक मध्यम, पिकायला आलेला पण घट्ट पेरू घ्या. साल काढू नका. बिया टोचत असतील तर मधला भाग काढा. बारीक फोडी करा, त्यात अर्धी वाटी घट्ट दही, एक मोठा चमचा शेंगदाण्याचा कूट, मीठ, कोथिंबीर घाला. वरून चमचाभर तेलात जिरं, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्या. पुष्कळ घरांत यात साखर घालतात. ती घालू नका, पेरू पुरेसा गोड असतो. या वाटीत पचणारी कर्बोदकं सगळी मिळून पंधरा ग्रॅमांच्या आसपास, तंतू पाच-सहा ग्रॅम, आणि दही-कूट यांची प्रथिनं मिळून सहा ग्रॅम. साखर आवरायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे तंतू, प्रथिनं आणि स्निग्धांश, एका वाटीत आल्या. आता याच्या समोर दोन चमचे साखरेचा चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं ठेवा. कर्बोदकं पंचवीस ग्रॅमांच्या घरात, तंतू जवळजवळ नाहीत.

याच धर्तीवर डाळिंबाचे दाणे दह्यात कालवा, वर जिरेपूड आणि काळं मीठ. सफरचंद सालीसकट किसून किंवा चिरून दह्यात घाला, वर अक्रोड. स्ट्रॉबेरीच्या हंगामात चार स्ट्रॉबेरी चिरून चक्क्यात मिसळा. साखर न घातलेलं हे श्रीखंड मुलंही आवडीने खातात. केळ्याची कोशिंबीर अर्ध्या केळ्याची करा आणि कूट घालायला विसरू नका. शिकरणात मात्र पिकलेलं केळं, दूध आणि साखर अशा तिन्ही गोड गोष्टी एकत्र येतात, म्हणून ते रोजच्या ताटातून बाजूला ठेवावं. ज्यांना दह्याने त्रास होतो, त्यांनी फळासोबत मूठभर शेंगदाणे किंवा आठ-दहा बदाम घेतले तरी काम भागतं.

कशाच्या जागी?

आहाराच्या सल्ल्यात सर्वांत जास्त विसरला जाणारा प्रश्न हा आहे. पोटभर पोळी-भात जेवून वर फळ खाल्लं, तर ते कितीही गुणी असो, जेवणातल्या कर्बोदकांत भरच टाकणार. तेच फळ दुपारी चार-साडेचारला, चहा-बिस्किटांच्या जागी दह्याबरोबर खाल्लं, तर दिवसाचा एकूण भार घटतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत भूक ताब्यात राहते.

आंब्याचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. दिल्लीत डॉ. अनुप मिश्रा यांच्या गटाने टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना आठ आठवडे न्याहारीला ब्रेडऐवजी २५० ग्रॅम आंबा दिला, आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. आंबा खाणाऱ्यांची साखर बिघडली नाही, उलट सुधारली. यातला ‘ब्रेडऐवजी’ हा शब्द कळीचा. एकूण उष्मांक मोजलेले होते आणि देखरेख होती. पुरी, बटाट्याची भाजी आणि त्यावर दोन वाट्या आमरस या बेताला या अभ्यासाचा आधार देता येणार नाही. दोन वाट्या आमरसात एकट्या आंब्याचीच चाळीस ग्रॅमांहून जास्त साखर असते.

उपवासाचंही असंच आहे. एकादशीला फळ खायला घाबरणारी माणसं साबुदाण्याची खिचडी निर्धास्त खातात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट: कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमांहून जास्त कर्बोदकं, प्रथिनं आणि तंतू नगण्य. त्या दिवशी दही, दाण्याचा कूट आणि एखादं फळ, सोबत राजगिरा किंवा थोडी भगर, असं खाल्लं तर उपवासही पाळला जातो आणि साखरही.

स्वतःचं शरीर तपासा

सगळ्या तक्त्यांना एक मोठी मर्यादा आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एरन सेगल आणि एरन एलिनाव यांनी २०१५ मध्ये ८०० माणसांची साखर आठवडाभर सतत मोजली. एकच पदार्थ खाऊन वेगवेगळ्या माणसांत साखर वेगवेगळी चढली. कुणाची केळ्याने उसळली आणि बिस्किटाने नाही, कुणाचं नेमकं उलट. आतड्यातले जिवाणू, झोप, व्यायाम, शरीराची ठेवण या सगळ्यांचा त्यात वाटा होता.

म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर एक साधा पडताळा घ्या. एक दिवस दुपारी चारला साखर मोजा, नुसतं फळ खा आणि दोन तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढंच फळ दह्याबरोबर खाऊन तेच करा. जमलं तर एका तासानेही मोजा, कारण फळाचा चढ बहुधा पहिल्या तासात दिसतो. निरोगी माणसात दोन तासांनी आकडा १४० च्या आत येतो. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट धरतात, पण तुमचं उद्दिष्ट तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खाल्ल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर आकडा आणखी खाली दिसेल, कारण चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज उचलतात.

तीन सूचना मात्र काटेकोरपणे पाळाव्यात. एक, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी ७० च्या खाली जाते; घाम फुटतो, हात थरथरतात. त्या वेळी हे सगळं प्रकरण उलटं वाचायचं. तेव्हा वेग हवा असतो, म्हणून १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. दही किंवा दूध त्या क्षणी उपयोगाचं नाही. दोन, मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं, संत्रं, दही यांतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस त्रासदायक ठरू शकतं, आणि कमरख हे फळ तर अशा रुग्णांना विषासमान आहे. त्यांनी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच फळ निवडावं. तीन, फळ-दही सुरू केलं म्हणून गोळी बंद करू नये. आकडे सुधारले तर मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

पेरू पंचतारांकित पदार्थ नाही, दही महागडं औषध नाही. पेरू हातगाडीवर मिळतो, दही घरातल्या विरजणातून तयार होतं. मधुमेहाच्या भीतीने घरातल्या आजी-आजोबांचं फळ बंद केलं असेल, तर आज पुन्हा सुरू करा: माप ठरवून, अख्खं, दह्याबरोबर आणि बिस्किटांच्या जागी. आणि पुढच्या वेळी कुणी आजारी माणसाला भेटायला जाताना ज्यूसचा डबा घ्यायला हात पुढे झाला, तर तो मागे घ्या आणि त्या पैशांत अर्धा किलो पेरू न्या.